पाद्री कामावर लागले तेव्हा

कामात देव आहे असं कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, बाबा, तुझं काम काय? सांगणारा बहुतेक वेळा बसून काम करणारा निघतो. उभं राहून, वाकून, घाणीत उतरून काम करणाऱ्यानं असलं काही सांगितलेलं मी फार कमी वेळा ऐकलंय.

आपल्याकडं संतांची उदाहरणं तयार असतात. सावता माळ्याला मळ्यात विठ्ठल सापडला. गोरोबाला माती तुडवताना सापडला. ठीक आहे. मळा सावत्याचा होता, चाक गोरोबाचं होतं. चोखोबाचं काय? चोखोबा मंगळवेढ्याला भिंतीच्या कामावर वेठीला धरले गेले आणि भिंत कोसळून तिच्याखाली मेले, असं सांगतात. मग नामदेव गेले, ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल असा आवाज आला ती चोखोबाची म्हणून ओळखली, पंढरीला आणली आणि देवळाच्या पायरीपाशी, बाहेर, पुरली. कथा गोड आहे, कीर्तनात रंगते. पण त्या ढिगाऱ्याखाली आणखीही माणसं होती. त्यांची हाडं मुकी होती. त्यांना कुणी उचललं, कुठं पुरलं, हे एकाही बुवानं आजवर सांगितलेलं नाही.

पुढं गांधी आले. संडास साफ करण्याच्या कामाला त्यांनी पवित्र सेवा करून टाकलं. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात या लबाडीची चिरफाड केली. त्याच्या आधी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी मुळावरच बोट ठेवलेलं होतं: जात म्हणजे श्रमांची विभागणी आहे असं म्हणून भागत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि जन्मावरून केलेली आहे. ज्याला काम निवडताच आलं नाही त्याला त्या कामाचा अर्थ समजावून सांगणं म्हणजे बेडीला चांदीचा मुलामा देणं.

मग हा लेख मी फ्रान्सच्या पाद्र्यांवर कशाला लिहितोय? मित्रांनो, जरा दम धरा. हे पाद्री दुसऱ्याला सांगत बसले नाहीत. त्यांनी झगा उतरवला आणि पाळीत उभे राहिले. देव कामात आहे की नाही ते बघायला स्वतः कामावर लागले. आणि तिथं त्यांना जे सापडलं ते त्यांच्या वरच्यांना परवडलं नाही. ही १९४१ ते १९६५ ची गोष्ट आहे. आपल्या चळवळीत बाहेरून येणारे, वस्तीत उतरणारे, आपल्यासाठी काही करू म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना मोजायला ही गोष्ट बरी पडेल.

फ्रान्स हा कागदावर कॅथलिक देश. कारखान्याच्या वस्तीत मात्र चर्च म्हणजे मालकाचं घर अशी कामगारांची पक्की समजूत, आणि ती काही हवेतून आलेली नव्हती. मूल जन्मलं की बाप्तिस्मा, माणूस मेला की घंटा, मधल्या सगळ्या आयुष्यात चर्चशी संबंध नाही. आन्री गोदँ नावाचा एक तरुण पाद्री होता. तो कामगार तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेत काम करायचा. ही संघटना बेल्जियममध्ये कार्डाइन नावाच्या पाद्र्यानं १९२५ साली उभी केलेली. हा कार्डाइन स्वतः गरीब कामकरी घरातला. पाहा, पारखा, करा, ही तिची तीन शब्दांची रीत. गोदँच्या लक्षात आलं की कामगाराचं पोर ख्रिस्ती झालं की ते हळूहळू कामगार उरत नाही. कपडे बदलतात, भाषा बदलते, मित्र बदलतात. चर्चच्या बाकावर बसायचं तर आधी मध्यमवर्गीय व्हावं लागतं. त्यानं आणि इवां दानिएल या दुसऱ्या पाद्र्यानं मिळून एक अहवाल लिहिला. १९४३ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. नावातच सवाल होता: फ्रान्स हा मिशनरी पाठवण्याचा मुलूख आहे काय? म्हणजे मिशनरी आफ्रिकेत-आशियात पाठवता, पॅरिसच्या नाक्यावर कोण जाणार?

पॅरिसचा आर्चबिशप कार्डिनल स्युआर यानं हा अहवाल वाचला आणि तो हादरला. त्याच वर्षी त्यानं 'मिशन द पारी' स्थापन केलं. जानेवारी १९४४ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू व्हायचं होतं. शपथविधी झाला आणि त्याच रात्री गोदँ आपल्या खोलीत शेगडीच्या धुरानं गुदमरून मेला. पॅरिसवर तेव्हा जर्मनांचा ताबा, कडाक्याची थंडी, कोळसा नाही. कामगार वस्तीत असले मृत्यू नवे नव्हते.

पण पहिला पाद्री कामावर लागला तो पॅरिसात नव्हे, मार्सेयच्या गोदीत. झाक लव. मूळचा वकील, देव न मानणारा, मग डोमिनिकन पंथात गेलेला. वरिष्ठांनी त्याला कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला सांगितलं होतं. पुस्तकांतून तो होईना, म्हणून १९४१ साली तो गोदीत हमाल म्हणून उभा राहिला. दुसरा धागा जर्मनीतून येतो. नाझींनी १९४३ पासून फ्रेंच तरुणांना सक्तीनं जर्मन कारखान्यांत न्यायला सुरुवात केली. त्यांच्याबरोबर पाद्री पाठवायला जर्मनांची परवानगी नव्हती. तेव्हा पंचवीसेक पाद्री साधे कामगार म्हणून, ओळख लपवून गेले. बहुतेक पकडले गेले. काही छळछावणीत मेले. आन्री पेरँ हा जेझुइट लाइपत्सिगला कारखान्यात होता, तिथंच तुरुंगात गेला, सुटून आला आणि त्यानं रोजनिशी छापली. ती इंग्रजीतही आली. त्याची पुढची पत्रंही त्याच्या मरणानंतर इंग्रजीत निघाली. मला ती एका जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळाली. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. दोन महिने लागले.

आता ते कारखान्यात करायचे काय, हे बघा. आधी ते कुणाला सांगायचेच नाहीत की आपण पाद्री आहोत. कुणी लेथवर, कुणी भट्टीवर, कुणी बांधकामावर, कुणी गोदीत. राहायला कामगार वस्तीतली खोली. पाद्र्यानं दिवसभरात ठरलेल्या वेळी ठरलेल्या प्रार्थना म्हणायच्या असतात, त्याचं जाड पुस्तक असतं. दिवसभर मशीनवर उभं राहून आलेल्या माणसाला ते पुस्तक हातात धरवत नाही, डोळे मिटतात. हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. जे काम कामगाराच्या मेंदूचं भुसकट करतं त्याच कामात देव शोधा असं आपण इतकी वर्षं खुशाल सांगत होतो, हेही कळलं असणार. मिस्सा तेव्हा सकाळी, उपाशीपोटी, देवळात होत असे. यांनी खास परवानगी काढून ती संध्याकाळी खोलीत केली. ज्या टेबलावर सूप प्यायचं, ज्यावर पोरं अभ्यास करायची, त्याच टेबलावर पाव आणि वाइन. शेजारी, सोबतचे कामगार, एखादी म्हातारी, एखादा कम्युनिस्टसुद्धा, भोवती बसायचे. दिवसात काय झालं ते आधी बोलायचे. कुणाला काढलं, कुणाचं पोर आजारी आहे. मग पाव मोडायचा.

खरं सांगतो, हे टेबल मला आवडलं. आमच्यात माझी आजी भाकरी मोडून पहिला तुकडा शेजारच्या पोराला द्यायची. त्याला तिनं कधी कुठलं नाव दिलं नाही.

आणि हळूहळू उलटंच व्हायला लागलं. हे गेले होते ख्रिस्त घेऊन, कामगाराला द्यायला. बरेच जण पुढं असं म्हणू लागले की तो तर आमच्या आधीच तिथं होता. एक कामगार दुसऱ्याच्या जागी मार खातो, आजारी सोबत्याचं काम चौघं वाटून घेतात, संपात स्वतःच्या घरी चूल नाही तरी निधीला दोन पैसे देतात. यापुढं आम्ही काय शिकवायचं? १९४७ च्या हिवाळ्यात फ्रान्सभर प्रचंड संप झाले. पाद्री संपात होते. बाहेर उभं राहून पाठिंबा देणारे नव्हे, पगार कापला गेलेले. बहुतेकांनी सेजेटे या युनियनचं कार्ड घेतलं. ती कम्युनिस्टांच्या वळणाची, पण कारखान्यात कामगारांची म्हणून जी होती ती तीच. कुणी कारखान्यात प्रतिनिधी म्हणून निवडून आला. आन्री बारो तर पॅरिसच्या धातुकामगार युनियनचा सेक्रेटरी झाला. निवडून दिलं ते देव न मानणाऱ्या कामगारांनी. पाद्री म्हणून नाही, आपला माणूस म्हणून.

१९५१ साली बोर्दोच्या बंदरात मिशेल फाव्रो हा हमाल-पाद्री माल अंगावर पडून मेला. वर मी चोखोबाच्या भिंतीबद्दल लिहिलं ते हे वाचताना डोक्यात होतं. फरक एवढाच की फाव्रो तिथं आपल्या इच्छेनं उभा होता. त्याच्या शेजारचा हमाल इच्छेनं नव्हता. हा फरक कुणीही पुसू नये, त्या पाद्र्यांनीही पुसला नाही. आपण कधीही उठून मठात परत जाऊ शकतो, सोबतचा जाऊ शकत नाही, ही टोचणी पेरँच्या पत्रांत जागोजाग आहे. ज्याला टोचत नाही तो कामगार वस्तीत पिकनिकला आलाय असं समजावं.

इथं सिमोन वेलबद्दल लिहिलं पाहिजे, ती पाद्री नसली तरी. ज्यू घरातली, डॉक्टरची मुलगी, शाळेत तत्त्वज्ञान शिकवायची. डिसेंबर १९३४ मध्ये तिनं नोकरीतून रजा काढली आणि पॅरिसच्या अल्स्तोम कारखान्यात कामाला लागली. नंतर आणखी एका ठिकाणी, मग १९३५ च्या उन्हाळ्यात रेनो मोटारींच्या कारखान्यात मिलिंग मशीनवर. अंगानं नाजूक, डोकं कायम ठणकणारं, हात भाजलेले. तिनं रोजनिशी ठेवलीय. आज किती नग काढले, किती बाद झाले, कुठल्या कामाला काय दर, किती कापले. पानंच्या पानं हिशेब. त्यात देव नाही, दर आहे. मी रिंग फ्रेमवर काम करतो, मला ती पानं कवितेसारखी वाटली. तिनं आणखी एक लिहून ठेवलंय, जे कुठल्याही पुढाऱ्याच्या भाषणात नसतं. छळ वाढला की माणूस बंड करतो, असं आपण धरून चालतो. तिला आलेला अनुभव उलटा होता. छळ वाढला की माणूस मुका होतो, हुकूम पाळतो, बसमध्ये चढताना आपल्यालाही इतरांसारखं बसमध्ये चढू देतात याचं त्याला नवल वाटतं. दलित वस्तीत वाढलेल्याला हे समजावून सांगायला नको.

कारखान्यातून मोडून निघाली आणि त्याच वर्षी आईबापांबरोबर पोर्तुगालला गेली. तिथं एका मच्छीमार गावात रात्री सणाची मिरवणूक होती. कोळ्यांच्या बायका मेणबत्त्या घेऊन होड्यांभोवती फिरत होत्या, जुनी, काळीज चिरणारी गाणी गात होत्या. वेल म्हणते, तिथं तिला एकदम लख्ख कळलं की ख्रिस्ती धर्म हा गुलामांचा धर्म आहे. गुलामांना तो धरल्यावाचून राहवत नाही, आणि त्या गुलामांत आपणही आहोत. ती पुढं येशूकडं गेली, पण मोठं झालेलं असताना चर्चचा बाप्तिस्मा घ्यायला वर्षानुवर्षं नाकारत राहिली. जे बाहेर ठेवले गेलेत त्यांच्याबरोबर बाहेरच राहायचं म्हणून. १९४३ साली इंग्लंडात मेली. चौतीस वर्षांची.

या बाईपुढं मी टोपी काढतो. पण तिच्या मागं जात नाही. गुलामाचं दुःख गाण्यात किती सुंदर होतं हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आमच्या आयाबायांनी जात्यावर काय कमी गाइलं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला तो गुलामाला जोजवणारा नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी मेलेली ढोरं ओढण्याचा विषय मुद्दाम काढला. हे काम सोडलं तर उत्पन्न बुडेल अशी काळजी सवर्ण लोक आमच्या वतीनं करत होते, त्यांना त्यांनी खडसावलं. ढोर ओढण्यात अर्थ शोधा असं ते म्हणाले नाहीत. टाका म्हणाले. बुद्धाच्या अष्टांग मार्गात सम्यक आजीविका आहे. ती कामगाराला काम गोड मानून घ्यायला सांगत नाही, ती आजीविकेलाच प्रश्न विचारते: हे पोट भरणं माणसाला शोभतं का? यात कुणाचा जीव जातो का? माझ्या मते फरक इथं आहे, आणि तो मोठा आहे.

तरी पाद्र्यांकडं परत यायला हवं, कारण त्यांच्यातले पुढं गेलेले नकळत याच प्रश्नापाशी पोचले होते. माणसाला चिरडणारं काम पवित्र कसं म्हणायचं? पवित्र काही असेल तर ते चिरडणं थांबवण्यासाठी केलेली एकजूट. म्हणजे संप. म्हणजे युनियन. आणि बोंब झाली.

कामगार कामात देव बघतो, यावर रोमला कधीच हरकत नव्हती. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात लॉरेन्स नावाचा एक भटारी होता, भांडी घासताना आणि अंडं तव्यावर उलटताना मी देवापाशीच असतो म्हणायचा. त्याचं छोटं पुस्तक आजही जगभर खपतं. कुठल्याही मालकाची त्याला ना नाही. पण देव स्ट्राइक कमिटीत दिसायला लागला तेव्हा गणित बिघडलं. १ जुलै १९४९ ला व्हॅटिकननं हुकूम काढलेला होता की कॅथलिकांनी कम्युनिस्टांबरोबर काम करायचं नाही. स्युआर त्याच वर्षी मे महिन्यात वारला होता, पाठीशी घालणारं कुणी राहिलं नव्हतं. २८ मे १९५२ ला अमेरिकन जनरल रिजवेच्या विरोधात पॅरिसमध्ये मोर्चा निघाला. पोलिसांनी धरपकड केली. ठाण्यात ज्यांना बेदम मारलं त्यांत दोघं कामगार-पाद्री निघाले. पेपरांना मेजवानी. त्याच सुमाराला पेरँ आल्प्समध्ये धरणाच्या बोगद्याच्या कामावर होता, तिथल्या संपाचा पुढारी. मालकांची पत्रं रोमला जायला काही वेळ लागत नाही.

१९५३ च्या शरदात पोपच्या वकिलानं फ्रेंच बिशपांना निरोप दिला: बंद करा. नोव्हेंबरात लिएनार, जेर्लिए आणि फेल्तँ हे तीन कार्डिनल रोमला जाऊन पोप पायस बारावा याला भेटले, काहीतरी वाचवता येतं का बघायला. जानेवारी १९५४ मध्ये बिशपांचं पत्र प्रत्येक कामगार-पाद्र्याच्या हातात पडलं. युनियनमधली पदं आणि सगळ्या ऐहिक जबाबदाऱ्या सोडा. एकटे राहू नका, पाद्र्यांच्या समूहात किंवा पॅरिशमध्ये राहायला या. अंगमेहनत करायची तर दिवसाला तीन तास. मुदत १ मार्च १९५४.

तीन तास! च्यायला, बदलीवालासुद्धा आठ तास भरतो. तीन तासांचा कामगार कुठल्या गिरणीत असतो ते मला कुणीतरी दाखवावं. हुकूम काढणाऱ्याला हे माहीत नव्हतं असं नाही. तीन तास म्हणजेच नाही.

तेव्हा सगळे मिळून शंभराच्या आसपास कामगार-पाद्री होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांतल्या ७३ जणांनी सह्या करून जाहीर केलं की तुम्ही आम्हाला कामगारांपासून तोडताय. त्याच महिन्यात डोमिनिकन पंथातल्या विचारवंतांवर वरवंटा फिरला. शेन्यू हा त्यांचा मोठा माणूस, श्रमाच्या प्रश्नावर धर्मशास्त्रातून विचार करणारा, त्याला पॅरिसातून उचलून रुआंला धाडलं. मार्च उजाडला. जवळजवळ अर्ध्यांनी हुकूम मानला. लव त्यांतला. तो गोदीतून बाहेर आला. बाकीचे कामावर राहिले. चर्चच्या लेखी ते बंडखोर, त्यांना मिस्सा करता येईना. काहींनी पुढं लग्नं केली, पेन्शनीत निघेपर्यंत कारखान्यात राहिले. पेरँ आत-बाहेर तळमळत राहिला, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. चाळीस वर्षांचा.

हुकूम मानणारे भेकड आणि मोडणारे मर्द अशी वाटणी करायला माझं मन घेत नाही. ज्यानं वीस वर्षं एका घराला घर म्हटलं त्याला दार कुठलं हे ठरवायला लावलं होतं. पण दोन्ही बाजूंच्यांनी एक दुःख बोलून दाखवलं ते महत्त्वाचं आहे: कामगारांना आता काय सांगायचं? कामगार म्हणणार, शेवटी तुमचा मालकही मालकच निघाला.

पॅरिसला लागून इव्री नावाची कम्युनिस्ट नगरपालिका होती. तिथं मादलेन देल्ब्रेल ही बाई १९३३ पासून राहायची. समाजसेविकेची नोकरी, दोनचार मैत्रिणींबरोबर साधं घर, दार सताड उघडं. पाद्र्यांसारखा झगा नव्हता म्हणून उतरवायचा प्रश्न नव्हता, म्हणून बंदीही आली नाही. रस्ता, दळणवळण, दारावरची बेल, चुलीवरचं भांडं, हेच तिचं देऊळ. १९६४ मध्ये मरेपर्यंत तिथंच. कम्युनिस्टांबरोबर बेकारांसाठी झगडली, पण त्यांचा देव नसण्याचा सिद्धांत घेतला नाही. पाद्र्यांच्या इतिहासात अशा बायका कोपऱ्यात राहतात. आपल्या इतिहासातही राहतात, त्यामुळं फार बोलायला तोंड नाही.

आता आपल्या बाजूला या. फ्रान्सच्या चर्चला १९४३ मध्ये कळलं की आपण कामगाराच्या घरात नाही. आपल्या इथल्या चर्चची गोष्ट वेगळी. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये नगरला आलं. त्यांना ब्राह्मण हवे होते, आले महार आणि मांग. मिशननं शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे नाकारणारा कृतघ्न. १८५५ साली जोतीबांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता या मांगाच्या पोरीचा जळजळीत निबंध छापला तो मिशनच्याच 'ज्ञानोदया'नं. पण बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती अस्पृश्यांवर लिहिताना जो ठपका ठेवला तो चुकवता येत नाही. धर्म बदलला, जात चर्चमध्ये घुसली, आणि अन्यायाविरुद्ध उठायचं बळ त्या माणसांना मिशननं दिलं नाही. पाप तुझ्या आत्म्यात आहे म्हणून शिकवलं, गावाच्या रचनेत आहे म्हणून शिकवलं नाही. सरकारनं तर वरून शिक्का मारला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंत धरल्या, १९५६ मध्ये शिखांना घेतलं, १९९० मध्ये आम्हा बौद्धांना घेतलं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत.

माझ्या पाळीत असा एक गडी आहे. नगरकडचा, आजा मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेला. फ्रेम चालू करण्याआधी तो अर्धा मिनिट डोळे मिटून उभा राहतो. मी एकदा विचारलं, काय मागतोस रे? म्हणाला, "काय नाय. बोटं शाबूत राहू दे. सगळ्यांची." मी बौद्ध, मी कुणाकडं काही मागत नाही. पण 'सगळ्यांची' हा शब्द माझ्या ध्यानात राहिला. पेरँचं पुस्तक मी त्याला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न असा होता, "त्यांच्या कारखान्यात पाद्र्याला कुठल्या पण खात्यात घेत होते?" हो म्हटलं. गप्प झाला.

त्याच्या प्रश्नात आपला सगळा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा अस्पृश्याला विणाई खात्यात घेत नव्हते. पगार तिथं जास्त. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. अस्पृश्याची थुंकी लागलेलं सूत सवर्ण कामगाराला चालत नव्हतं. लाल बावट्याच्या खाली उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराला! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं टाकला, तेव्हा कुठं तो मागण्यांच्या शेजारी येऊन बसला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. फ्रेंच पाद्र्याला एकच शत्रू पुरला. सोबतचा कामगार त्याच्या हातचं पाणी पीत होता. म्हणून त्याला कामगारांची एकजूट बघून देव भेटल्यासारखं झालं. आमच्या बापजाद्यांना त्याच एकजुटीत वेगळा माठ दिसत होता. तेव्हा फ्रान्सची गोष्ट इथं जशीच्या तशी लावायची नाही. लावली तर पुन्हा फसू.

उरलेली हकीगत थोडक्यात. जुलै १९५९ मध्ये रोमहून कार्डिनल पिझार्दोचं पत्र आलं. कारखान्यातलं काम पाद्रीपणाशी जुळत नाही, तीन तासही नको, पूर्ण बंद. त्यात असाही मुद्दा होता की ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे अशा लोकांना धर्मापासून पार तुटलेले कसं म्हणायचं. शिरगणतीत नाव आहे ना, मग झालं. असली शिरगणती आपल्या ओळखीची आहे. मग पोप बदलले, व्हॅटिकनची मोठी परिषद भरली, आणि २३ ऑक्टोबर १९६५ ला फ्रेंच बिशपांनी जाहीर केलं की पाद्र्यांना पुन्हा पूर्णवेळ कारखान्यात काम करता येईल. सुरुवातीला अगदी थोडे. अकरा वर्षं गेली होती. १९५४ मध्ये कामावर राहिलेल्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते.

परवानगीत एक अट होती. युनियनचं कार्ड घ्या, पण पद घेऊ नका.